कोणी काय सोडलं?

आमच्या रविवारच्या गोष्टी सांगायला बसलो की माझी पंचाईत होते. ऑफिसातल्या जुन्या मिसलींसारखं आहे ते. एका फायलीची सुतळी सोडायला जावं, तर भलत्याच चार फायलींचे कागद मांडीवर येऊन पडतात. परवा एका लग्नात कुणीतरी नुसतं विचारलं, "सुधाकर, तुमचं ते रविवारचं बसणं अजून चालू आहे का?" पंगत उठली, पत्रावळी उचलल्या, तरी मी बोलतच होतो. शेवटी बायकोने लांबून डोळे वटारले तेव्हा थांबलो.

त्या वर्षी दसऱ्याला आदिलाबाद जिल्ह्याचे चार जिल्हे होणार होते. आमच्या ऑफिसात एकाच हुद्द्यावर दोघं होतो, मी आणि दिगंबर. एकाने आदिलाबादेत राहायचं आणि दुसऱ्याने आसिफाबादला जायचं, एवढं पक्कं झालं होतं. दिगंबर माझ्यापेक्षा चार महिन्यांनी सीनियर, म्हणजे जाणार मीच. माझ्या घरी अर्धांगवायूने आडवी झालेली आई. तिला उठवून बसवायचं तर माझेच हात लागायचे. दुसऱ्या कुणी उचललं की ती डोळे गच्च मिटून घ्यायची. बाकीच्यांना जिल्ह्याची काळजी होती, मला आमच्या घरातल्या खाटेची.

आणि अशा वर्षी आम्ही दर रविवारी दुपारी काय करत होतो? तर पृथ्वीचा नाश पाहत होतो.

*

हे सुरू झालं वामनराव सरांच्या मोतीबिंदूमुळे. सर मराठी शाळेतले रिटायर्ड मास्तर. त्यांच्या घरी रविवारी पोथी वाचायची आमची जुनी पद्धत. ऑपरेशन झालं, डॉक्टरांनी वाचन बंद केलं, डोळ्यांना पट्टी. पहिल्या रविवारी सगळे, दिगंबरसुद्धा, येऊन नुसते बसलो. शांताकाकूंनी, म्हणजे सरांच्या पत्नीने, शांतता सहन न होऊन टीव्ही लावला. हिंदीत डब केलेला सिनेमा चालू होता. आकाशातून धूमकेतू येतोय, पृथ्वी वाचवायला एक यान निघालंय.

सर पट्टी बांधून नुसतं ऐकत होते. शेवटी यानातून एक आवाज म्हणाला, "आप लोग जाइए, मैं यहीं रुकूँगा." बाकीचे उतरले आणि यान धूमकेतूवर जाऊन फुटलं. सरांनी तिथल्या तिथे अर्धा तास निरूपण केलं. तो आवाज किती शांत होता, मरण समोर असूनही त्यात कंप कसा नव्हता, अहंकार गळून पडला की माणूस असा बोलतो. मी तर रडलोच.

सरांचं संपल्यावर दिगंबर म्हणाला, "सर, तो मानूस नव्हता. यानातला कंप्युटर होता."

सर म्हणाले, "असं असेल तर आपल्याला जास्त लाज वाटायला पाहिजे."

त्या दिवसापासून पोथीची जागा सिनेमाने घेतली. पट्टी निघाली तरी बदललं नाही. सिनेमा संपला की सर टीव्हीचा आवाज बंद करायचे आणि एकच प्रश्न विचारायचे: "कोणी काय सोडलं?" प्रत्येकाने उत्तर द्यायचं. फक्त सिनेमातलं बोलायचं, घरचं आणि ऑफिसचं नाही, हा नियम.

*

विठ्ठलभाऊ तलमडुगूहून मोटरसायकलवर यायचे. कापूस, ज्वारी आणि एक बैलजोडी, एवढा त्यांचा संसार. बोलणं कमी. एका रविवारी सिनेमात महापूर आला, शंभर फूट उंच लाट. हिरोने बायकोमुलांना गाडीत घालून डोंगराकडे पाठवलं. आपली जागा म्हाताऱ्या शेजाऱ्याला देऊन स्वतः मागे राहिला.

सरांनी विचारलं. मी नेहमीप्रमाणे सगळ्यात आधी हात वर केला आणि देह म्हणजे काय, मोह म्हणजे काय, असं बरंच बोललो. त्यागावर त्या मंडळीत सगळ्यात जास्त मीच बोलायचो, हे आताच कबूल करून टाकतो.

विठ्ठलभाऊंची पाळी आली. ते अजून बंद आवाजाच्या टीव्हीकडेच बघत होते. म्हणाले, "सर, सुरवातीले त्याच्या घरामागं गोठा दाखवला. चार गाई बांधल्या होत्या. त्याईले कोण सोडलं?"

आम्ही लाट पाहिली होती, हिरो पाहिला होता, गाई कुणी पाहिल्याच नव्हत्या.

सर म्हणाले, "विठ्ठलराव, आजचं निरूपण इथंच संपलं. यापुढे माझ्याकडे काही नाही."

विठ्ठलभाऊ लगेच उठले. चहाला थांबा म्हटलं तर म्हणाले, "नाई काकू. आमचे बैलं सकाळपासून उन्हात बांधून राह्यले. आत्ताच ध्यानात आलं."

*

काकूंचा किस्सा तर मला पाठ आहे. सिनेमा संपता संपता चहा तयार पाहिजे, म्हणून काकू शेवटची पंधरा मिनिटं स्वयंपाकघरात असायच्या. एकदा सिनेमा संपला, कुणीतरी दुसऱ्याला आपला ऑक्सिजन देऊन अंतराळात तरंगत गेला, आणि सरांनी गंभीर आवाजात विचारलं, "कोणी काय सोडलं?"

आतून काकू म्हणाल्या, "मी शेवट सोडला. दर रविवारी."

हिशोब केला तेव्हा लक्षात आलं की काकूंनी पृथ्वीवर येणारी सगळी संकटं पाहिली होती, पण एकदाही पृथ्वी वाचलेली पाहिली नव्हती. "मला वाटायचं सगळे मरतात," त्या म्हणाल्या. "म्हणून तर चहात साखर जरा जास्त घालते."

पुढच्या रविवारी चहा करायला सर उठले. त्या चहाबद्दल बोलत नाही. आमच्या गुरूंचा मान राखतो.

*

मग चहाचं काम दिगंबरने घेतलं. हा माणूस आमच्यात कसा होता हेच कोडं होतं. दर सिनेमात त्याचं एक वाक्य ठरलेलं: "मी असतो ना, सगळ्यात पहिले जाऊन यानात खिडकीची सीट धरली असती." सर हसायचे, मी चिडायचो. त्यामुळे तो म्हणाला, "काकू, तुमी बसा, चहा मी करतो. मले तसाबी शेवट पाहून बोर होते," तेव्हा मला नवल वाटलं नाही.

काकूंनी त्या दिवशी पहिल्यांदा शेवट पाहिला. बाप मुलीचा निरोप घेतो, असला शेवट. काकूंनी पदराने डोळे पुसले आणि मी पाणी प्यायला आत गेलो. दिगंबर चुलीकडे तोंड करून उभा. मला पाहून पटकन बाहीने तोंड पुसलं.

"काय झालं?" मी विचारलं.

"कांदा," तो म्हणाला.

मी बाहेर आलो. थोड्या वेळाने चहा आला. चहाच आला, दुसरं काही नाही. कप हातात घेतल्यावर माझ्या डोक्यात आलं की चहाला कांदा कशाला लागतो? पण तोपर्यंत दिगंबर दारात टेकून म्हणत होता, "मेला का तो बाप, का वाचला? मेला असन तर सांगू नका."

*

एकदा ऐन वेळी करंट गेला. पृथ्वीच्या पोटात बोगदा, खाली एक मशीन, ते चालू केलं तर सगळे वाचणार, पण बटन दाबणारा वर येऊ शकणार नाही. हिरो बटनासमोर उभा, कपाळावर घाम, आणि टीव्ही काळा. करंट आला तेव्हा केसांच्या तेलाची जाहिरात चालू होती. त्या सिनेमाचा शेवट आम्हाला आजतागायत माहीत नाही.

सर म्हणाले, "हरकत नाही. आपणच सांगू. त्याने दाबलं का?"

मी म्हणालो, दाबलं, कारण तो महात्मा होता. आणि मग देहमोहाचं पुन्हा सगळं. विठ्ठलभाऊ म्हणाले, त्याच्या घरी लहान पोरगी हाये, तो नाई दाबणार, आणि त्याच्यात काई पाप नाई. काकू म्हणाल्या, आधी घरी एक फोन करेल, मग दाबेल.

दिगंबर म्हणाला, "दाबन. पन तुमी समजून राह्यले तसं काई नाई. त्याग नाई, महात्मा नाई. बटन त्याच्या हाताजवळ हाये. दुसऱ्याले बोलवाले गेला तर येळ लागन."

मला राग आला. इतक्या मोठ्या गोष्टीचं याने अगदी हमालाचं काम करून टाकलं, असं वाटलं. सरांनी मात्र चष्मा काढून पुसला.

*

दसरा जवळ आला तसं ऑफिसात वाटणी सुरू झाली. खुर्च्या, टेबलं, कपाटं, फायली, सगळ्यांवर चार जिल्ह्यांच्या चिठ्ठ्या. यादी करणाऱ्याने पंखा आणि रेग्युलेटर दोन वस्तू धरल्या. पंख्यावर निर्मळची चिठ्ठी, रेग्युलेटरवर मंचेरियालची. दिगंबर खाली उभा राहून म्हणाला, "बरं झालं. बटन फिरवाचं मंचेरियालात, वारा खायचा निर्मळात."

त्या रविवारच्या सिनेमात शेवटचं जहाज होतं आणि प्रत्येकाला एकच वस्तू न्यायची परवानगी. सरांनी विचारलं, तुम्ही काय न्याल? विठ्ठलभाऊ म्हणाले, सरकीचं बियाणं. काकू म्हणाल्या, यांचे डोळ्यांचे थेंब. आई वस्तूत धरतात का, हे मला विचारावंसं वाटत होतं.

दिगंबर म्हणाला, "मी मायं घर घेऊन जातो. नवं हाये. अजून खिडक्याले पडदे नाई लागले." बारा वर्षं भाड्याच्या खोल्या बदलून त्याने त्याच वर्षी गावाबाहेर दोन खोल्या बांधल्या होत्या. दारात पेरूचं रोप लावलं होतं. ऑफिस सुटलं की घरी जाऊन आधी त्याला पाणी घालायचा, मग चपला काढायचा.

दुसऱ्या दिवशी मी काय केलं, तेही सांगतो. सगळ्यांत जास्त त्यागावर बोलणारा मी, आईचं मेडिकल सर्टिफिकेट घेऊन साहेबांच्या केबिनबाहेर दोन तास उभा राहिलो. साहेबांनी कागद पाहिला, चांगलं बोलले. "सुधाकर, ज्युनियर तुम्ही आहात. सीनियर माणसाने स्वतःहून लिहून दिलं तरच बदलता येईल." मी मान हलवली आणि बाहेर आलो. दिगंबरला विचारायची माझी हिंमत झाली नाही. खिडकीची सीट धरणाऱ्याला काय विचारायचं?

त्या रात्री आईला बसवून भरवताना मी तिला आसिफाबादचं काही सांगितलं नाही. गुडीहत्नूरवरून, उटनूरवरून तिकडे जाणारी सकाळची बस किती वाजता असते, एवढं मात्र संध्याकाळीच डेपोत विचारून ठेवलं होतं.

*

शुक्रवारी नोटीस बोर्डवर यादी लागली. आदिलाबाद: माझं नाव. आसिफाबाद: दिगंबर. मला वाटलं, पंख्यासारखीच काहीतरी गडबड झाली असेल. केबिनमध्ये गेलो तर साहेब म्हणाले, "त्यांनी लिहून दिलंय. तुमचं सर्टिफिकेट यायच्या आधीच. फायलीत होतं, मी नंतर पाहिलं."

मी दिगंबरला गाठलं. तो ड्रॉवर रिकामा करत होता. मी काही बोलायच्या आधीच म्हणाला, "तिकडची हवा बरी हाये म्हनतात. पोटाचा त्रास जाईन." मी त्याचं एक स्टॅपलर उचललं आणि उगीच हातात धरून उभा राहिलो.

रविवारी सरांकडे बसलो. सिनेमात सूर्य विझत चालला होता आणि कुणीतरी तो पेटवायला निघाला होता. शेवटची दहा मिनिटं उरली तसा दिगंबर नेहमीप्रमाणे चहाला उठला. सिनेमा संपला. सरांनी आवाज बंद केला आणि विचारलं, "कोणी काय सोडलं?"

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं, कारण पहिला हात माझा असायचा. मी म्हणालो, "सर, आज नियम मोडतो." आणि सगळं सांगितलं. सर्टिफिकेट, केबिनबाहेरचे दोन तास, नवं घर, बोर्डावरची यादी. काकूंनी पदर तोंडाला लावला. विठ्ठलभाऊ जमिनीकडे बघत होते.

दिगंबर ट्रे घेऊन बाहेर आला, तर सगळे त्याच्याकडे पाहतायत. त्याच्या लगेच लक्षात आलं.

"सांगतलं का बे तू?"

"दिगंबरभाऊ," मी म्हणालो, "तुमी काऊन केलं हे?"

त्याने सरांसमोर कप ठेवला, काकूंना दिला, विठ्ठलभाऊंना दिला. मला देताना म्हणाला, "काई नाई बे. साहेबानं बदलीचे फॉर्म वाटाले मले देल्ते. मायाच टेबलावर होते, हाताजवळ."