बराबरभाऊंचा पिच्चर

शॉट संपला की दिग्दर्शक 'कट' म्हणतो, हे अख्ख्या जगाला माहीत आहे. आमचे भाऊ मात्र तो शब्द तोंडाला लावत नसत. "लाईट कट होते, फोन कट होते, टीव्हीची केबल बी कट होते," ते म्हणत. "मंग चांगल्या चाललेल्या कामात आपुनच तोंडानं काहून म्हणावं?" म्हणून त्यांनी स्वतःचा शब्द ठरवला होता, 'बराबर'. तो ते इतक्या खणखणीत आवाजात म्हणत की रस्त्यापलीकडच्या शेतातली म्हैस रवंथ थांबवून बघायची. हळूहळू त्यांचं नावच बराबरभाऊ पडलं आणि खरं नाव आधार कार्डापुरतं उरलं.

पोटापाण्यासाठी भाऊ लग्नाचं शूटिंग करत. आमच्या साखरा गावाच्या आसपास ज्या लग्नाच्या व्हिडिओत नवरदेव गुलाबाच्या फुलातून उगवतो आणि नवरी चंद्रावरून खाली उतरते, ते लग्न भाऊंनी टिपलं असं डोळे झाकून समजावं. अशाच एका लग्नात पुण्याहून आलेल्या पाहुण्याच्या तोंडून त्यांनी 'इंडिपेंडंट फिल्म' हा शब्द ऐकला आणि त्यांचं चित्त थाऱ्यावर राहिलं नाही. इंडिपेंडंट म्हणजे काय, असं आम्ही विचारलं. "म्हंजे कोणाच्या बापाला इचारायचं न्हाई," भाऊ म्हणाले. मग जरा थांबून, आवाज खाली आणून, "फक्त तुमच्या वहिनीला इचारायचं." वहिनींनी परवानगी दिली, पण लग्नसराईत पिच्चरचं नाव काढायचं नाही या अटीवर.

गोष्ट शोधायला भाऊंना लांब जावं लागलं नाही. आमची चौघांची गायन पार्टी होती. मी आणि रेश्मा गायचो, विकास बँजो वाजवायचा, संदीप ढोलकी. जयंतीला भीमगीतं, बारशाला पाळणे, वाढदिवसाला लोक म्हणतील ते. विकासच्या काकांच्या टेम्पोत साऊंड बॉक्स टाकून आम्ही गावोगाव फिरायचो आणि त्या एवढ्याशा टेम्पोत प्रेमाची नुसती चेंगराचेंगरी होती. विकासचा जीव माझ्यावर, माझा संदीपवर, रेश्माचा विकासवर. संदीपचा कोणावर, ते फक्त त्याच्या ढोलकीला ठाऊक. हा मुलगा बोलायचाच नाही. काही विचारलं तर ढोलकीवर एक थाप मारायचा, त्याचा अर्थ आपण लावायचा.

भाऊंनी आम्हा एकेकाला बाजूला घेऊन मनातलं काढून घेतलं. "माह्या पोटात राहते, बाई," ते मला म्हणाले. मीही भाबडी, सगळं सांगून बसले. त्यांच्या पोटात ते खरंच राहिलं नाही, सगळं पटकथेत उतरलं. नावंही तीच ठेवली. मी भांडायला गेले तर म्हणाले, "नाव बदललं तं तुमी ओ द्यायचे न्हाई." शेवट मात्र त्यांनी त्यांच्या हिशेबानं केला होता. पिच्चरमधली शालू बँजोवाल्या विकासबरोबर टेम्पोत बसून निघून जाते आणि ढोलकीवाला रस्त्याच्या कडेला उभा राहतो. मी विचारलं, असं का? "बँजोवाला स्टेजवर पुढं बसते, ढोलकीवाला मागं. पब्लिक पुढचं पाहते."

ते मला हसण्यावारी नेता येईना, कारण गोष्ट पिच्चरपुरती राहिली नव्हती. विकासच्या आईनं माझ्या आईला सांगून ठेवलं होतं, "एकदा त्यायचा पिच्चर होऊ द्या, मंग आमी पोरगी पाहायला येतो." आई खूश होती. पोरगं ओळखीचं, कामाचं, घरचा टेम्पो. मी काय सांगणार होते? की मला तो मागं बसणारा पाहिजे, ज्यानं मला अजून एक वाक्य नीट बोलून दाखवलेलं नाही? पिच्चर संपणार आणि माझं ठरणार. त्यामुळे पिच्चर लांबावा म्हणून मी मुद्दाम डायलॉग चुकवायला लागले. भाऊंना वाटायचं, पोरगी मेहनत घेऊन राहिली.

शूटिंगचा भाऊंचा एकच कायदा होता. बराबर ऐकू येईपर्यंत कोणी ॲक्टिंग सोडायची नाही. कनेरगाव नाक्यावरच्या ढाब्यावर एक शॉट होता. रेश्मा चहा पिता पिता माझ्याकडे रागानं बघते आणि मी तिला चहा ओतून देते. कॅमेरा स्टँडवर चालू होता. तेवढ्यात भाऊंना कोणा नवरीच्या मामाचा फोन आला आणि ते बोलत बोलत थेट डांबरी रस्त्यावर गेले. मी ओततेय, रेश्मा पितेय, रागही कायम. किटली संपली तर ढाबेवाल्यानं गुपचूप भरून आणली, कारण कायदा त्यालाही माहीत झाला होता. भाऊ परत आले, आमच्याकडे बघून त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं आणि मग ते म्हणाले, "बराबर." रेश्माला त्या रात्री झोप लागली नाही. ती म्हणते विकासमुळे. मी म्हणते चहामुळे.

आणि मग तो शेवटचा सीन आला. तोही नाक्यावरच. विकास टेम्पो चालवणार, मी त्याच्या शेजारी हसत बसणार, संदीप गळ्यात ढोलकी अडकवून रस्त्याच्या कडेला उभा. टेम्पो वळणावर दिसेनासा झाला की बराबर. चेहऱ्यावर उजेड पाडायचा थर्माकोल घेऊन रेश्मा टेम्पोच्या मागच्या भागात लपून बसली होती. निघालो. मी हसतेय, विकास हसतोय. वळण आलं, वळण गेलं, बराबर काही ऐकू आलं नाही.

"म्हणले काय?" विकासनं हसतच विचारलं.

"न्हाई," मी हसतच म्हणाले.

वाशिमच्या दिशेनं आम्ही असेच दात दाखवत चाललो होतो. माझे गाल दुखायला लागले. मागून मुसमुसण्याचा आवाज येत होता. रेश्मा थर्माकोलच्या आड रडत होती आणि तिचं रडणं कोणत्याच सीनमध्ये नव्हतं. तेव्हा मला एकदम कळलं की मी बराबर ऐकायची वाट बघत बसले, तर अशीच हसत हसत विकासच्या घरी पोचेन आणि जन्मभर गाल दुखत राहतील. मी म्हणाले, "थांबव." टेम्पो थांबला. मी उतरले, तशी मागून रेश्मा उतरली, नाक पुसलं आणि माझ्या जागेवर जाऊन बसली.

"अवं, बराबर म्हणले काय?" विकासनं गोंधळून विचारलं.

"न्हाई," रेश्मा म्हणाली. "चाल तू."

ते दोघं थेट वाशिमला जेवूनच परत आले. मी उन्हातून चालत नाक्याकडे निघाले. कॅमेरा तिथंच, भाऊ त्याच्यामागं आणि संदीप जिथं सोडला तिथं, ढोलकी गळ्यात, घामानं निथळत उभा.

"अजून उभा काहून आहेस?" मी विचारलं.

"बराबर न्हाई म्हणले," तो म्हणाला. मग खाली बघत, त्याच्या आयुष्यातलं सगळ्यात लांब वाक्य बोलला, "अन् म्हणले असते तरी उभाच राहिलो असतो. तू येऊन राहिली, ते लांबून दिसत होतं."

मी ढसाढसा रडले आणि हसलेसुद्धा. कॅमेरा चालू होता. लग्नाचं शूटिंग करणाऱ्याची बॅटरी मध्येच संपत नाही.

नंतर मी भाऊंना धरलं. टेम्पो वळणाआड गेला, तेव्हा का म्हणाला नाहीत? कपाळाला हात लावून ते म्हणाले, "म्हणायला ते बराबर असायला पाह्यजे नं, माय. तू त्याच्यासंगं चालली ते बराबर नव्हतं. माह्या तोंडून निघंचना." मग मी चालत परत आल्यावर तरी म्हणायचं होतं? भाऊ कॅमेऱ्याची काच पुसायला लागले. "आता कसं म्हणू? म्हणलं की संपते."

पिच्चर पुसेगावात मांडव टाकून, पांढऱ्या पडद्यावर दाखवला. रिकाम्या रस्त्याचा तो सीन भाऊंनी जसाच्या तसा ठेवला होता. टेम्पो गेलेला, ढोलकीवाला उभा आणि बाकी काहीच नाही. एकही माणूस उठला नाही. पुढं बसलेली एक म्हातारी पडद्याला सांगत होती, "उतर की वं माय खाली, उतर." मी लांब वळणावर ठिपक्याएवढी दिसले, तसा अख्खा मांडव ओरडला. संदीप माझ्या शेजारी बसून मांडीवर ठेका धरत होता. विकासची आई ठरल्याप्रमाणे पोरगी पाहायला गेली, फक्त रेश्माकडे.

आमचं लग्न विहारात झालं. शूटिंग अर्थात भाऊंचं. संदीप गुलाबातून उगवला, मी चंद्रावरून उतरले, आणि आम्ही दोघांनीही तक्रार केली नाही. त्यानंतर भाऊंना पुण्यात एडिटिंगचं काम मिळालं. वहिनी आधीच पुढं गेल्या होत्या. नाक्यावर आम्ही भाऊंना बसमध्ये बसवून दिलं. पिशवीत मी ठेचा आणि भाकरी दिली होती. एवढा मोठ्या आवाजाचा माणूस खिडकीत पिशवीची गाठ सोडत-बांधत बसला होता. बस सुरू झाली, तेव्हा संदीपनं खिडकीपाशी जाऊन विचारलं, "भाऊ, आता तरी बराबर म्हणा की." भाऊंनी हसून मान हलवली आणि बस गेली.

आता घरात आमची भांडणं होतात, चांगली दणदणीत होतात. बोलण्यात माझ्यापुढं संदीपचा निभाव लागत नाही. मग तो हात वर करून भाऊंच्या आवाजात ओरडतो, "बराबर." मी त्याला सांगते, तो शब्द तुझा नाही, ज्याचा आहे त्यानं अजून म्हटलेला नाही. मग तो मुकाट्यानं ढोलकी ओढतो, एक थाप मारतो, आणि त्याचा अर्थ मी लावते.