नवं-जुनं करायचा दिवस

हे मी नवऱ्याला सांगितलेलं नाही. बहिणीलाही नाही. देवापुढे दिवा लावते आणि लगेच दुसऱ्या कामाला लागते — तिथे रेंगाळले तर बोलावं लागेल म्हणून. तुमची-माझी ओळख नाही. कदाचित त्यामुळेच तुमच्याशी बोलणं जमेल.

मी कामाची बाई आहे. सकाळी दिवसभराच्या कामांची यादी करते, झालेल्या कामावर काट मारते. एक काम मात्र इतक्या वर्षांत कुठल्याच यादीत लिहिलं नाही. उद्या ते करणार आहे. त्याआधी एकदा सगळं क्रमाने सांगते. क्रमाने सांगितलं की पळवाटा कमी राहतात.

बीड जिल्ह्यातल्या एका सहकारी साखर कारखान्यात कामगारांची पतसंस्था होती. मी तिथे रोखपाल. पगार लांबला की कामगार आमच्याकडून पगारावर तातडीचं कर्ज घ्यायचे. नियम असा, की मुदत संपली की ते पूर्ण फेडायचं. मग लगेच तेवढंच नवं मिळायचं. याला सगळे नवं-जुनं करणं म्हणायचे. पण ज्याच्याकडे पैसे नाहीत म्हणूनच कर्ज आहे, तो एक दिवस फेडायला तरी पैसे कुठून आणणार? त्यासाठी बाजारात मोटारसायकलच्या स्पेअर पार्टचं एक दुकान होतं. तो दुकानदार आज पैसे द्यायचा. उद्या दिवेलागणीच्या आत परत केले तर किरकोळ आकार घ्यायचा. नाही केले, तर दर आठवड्याला नवा आकार — आणि मुद्दल जिथल्या तिथे.

वेडेपणा वाटतो ना? आम्हाला वाटत नव्हता. भरायचं, उचलायचं, परत करायचं. सगळेच करत होते, आणि कुणाचंच अडत नव्हतं.

मग लागोपाठ दोन वर्षं पाऊस झाला नाही. ऊस नाही, गाळप नाही, पगार नाही. माझाही नाही. मुलाच्या होस्टेलच्या फीसाठी मी संस्थेचं कर्ज घेतलं होतं आणि पुन्हा पुन्हा नवं-जुनं करत होते. घरात कुणाला माहीत नव्हतं. घरात मी सगळ्यांना काटकसर शिकवत होते. भाजी निवडताना, कपडे वाळत घालताना डोक्यात एकच — पुढच्या वेळी दुकानदाराने नाही म्हटलं तर? एक दिवस जरी चुकला तर?

तो दिवस चुकलाच.

आदल्या संध्याकाळी मी दुकानदाराकडून पैसे आणून माझं जुनं कर्ज भरलं. नव्या कर्जाच्या कागदावर सचिवांची सही झाली होती. सकाळी रक्कम उचलायची, एवढंच उरलं होतं. पण सकाळी सचिव संस्थेतली सगळी रोख बँकेत भरायला घेऊन गेले आणि पडलेल्या चेहऱ्याने परत आले. वाकून हळूच म्हणाले, “ताई, बँकेनं वरूनच हात आखडलाय. आता येईल ते घ्यायचं, द्यायचं काही न्हाई. नोटीस दुपारी लावतो.”

माझा गल्ला रिकामा होता. दिवेलागणीला मला दुकानदाराचे पैसे द्यायचे होते.

आणि तेवढ्यात भीमराव आला.

भीमराव बॉयलरवरचा फिटर. माझ्याहून पाच-सात वर्षांनी लहान, मला अक्का म्हणायचा. माझ्या घरचा नळ असो, शेगडी असो, न बोलावता दुरुस्त करून जायचा आणि चहाला म्हणायचा, “साखर जरा जास्त टाका, आपलाच कारखाना हाय.” त्या दिवशी त्याचंही नवं-जुनं होतं. दुकानदाराकडून आणलेल्या नोटांची चळत त्याने खिडकीतून आत सरकवली.

“मोजून घ्या अक्का. एका रातीचा पाव्हना हाय, ठेवून घ्यायला परवडत न्हाई. दुपारी लावा वाटेला.”

मी मोजल्या. मोजताना एकदाही चुकले नाही — हे सांगायलाच हवं. एक वाक्य पुरलं असतं. भीमराव, आज भरू नको. तो तसाच दुकानात परत गेला असता, किरकोळ आकार देऊन सुटला असता. संस्थेचं जुनं कर्ज थकलं असतं, तर थकलं असतं. संस्था कुणाच्या दारात येऊन बसत नव्हती. एक वाक्य. मी पावती फाडली, शिक्का मारला, म्हणाले, “दोनला या.”

तो सायकल स्टँडच्या सावलीत जाऊन बसला. मी त्याच्या नोटांतून माझं नवं कर्ज उचललं. नोटांना ग्रीसचे डाग होते — त्याच दुकानातल्या. दुकानातून आल्या, माझ्या पर्समधून त्याच दुकानात परत गेल्या. फक्त अडकणाऱ्या माणसाचं नाव बदललं.

हिशोब पैशाला पैसा जुळला. ऑडिटमध्ये काहीही निघालं नाही. मी चोरी केली नाही, हे वाक्य त्यामुळे मला कितीतरी वर्षं वापरता आलं.

दोन वाजता नोटीस लागली तेव्हा खिडकीपुढे गर्दी झाली. कुणीतरी ओरडलं, “कॅशियर बाईला ठाव नसंल व्हय बे? सकाळपासून घ्यायलीय ती!” मी मान वर केली नाही. भीमरावच पुढे झाला. “अक्काचं नाव घ्यायचं काम न्हाई. तिला ठाव असतं तर मला बोलली असती.”

मी पावतीपुस्तकं आवरत राहिले. तेव्हाही सांगता आलं नसतं का?

पुढचं आणखी वाईट आहे. पहिल्या आठवड्याचा आकार भागवून तो माझ्याकडे आला — अक्का, तुमचं डोकं चालतं, यातून कसं निघू? मी त्याला बसवलं, आठवडे मांडून दिले: कधी किती द्यायचं, काय आधी विकायचं. फटफटी आधी, हत्यारांची पेटी शेवटी. काम फार नेटकं केलं. जाताना तो म्हणाला, तुमी होता म्हणून. फटफटी गेली, मग पेटीही गेली. त्या दिवाळीनंतर तो आणि त्याची बायको मुकादमाकडून उचल घेऊन ऊस तोडायला पश्चिमेकडे गेले. आयुष्यभर साखर कारखान्याचा बॉयलर सांभाळलेला माणूस दुसऱ्याच्या कारखान्यासाठी कोयता घेऊन फडात उतरला. दोन हंगाम. मी त्याच्या घराची किल्ली सांभाळली. लोक म्हणाले, बाई किती करते त्यांच्यासाठी.

आता तो केजला असतो, पंपदुरुस्तीचं छोटं दुकान आहे. मागच्या महिन्यात त्याचा फोन आला. मुलीचं लग्न ठरलंय, आणि सोयरिकीच्या बैठकीत आमच्या बाजूनं तुमीच बसायचं, अक्का. देण्याघेण्याचं बोलायला विश्वासाचं माणूस पाहिजे.

मी हो म्हटलं. फोन ठेवला, आणि मला कळलं की त्या बैठकीत मी बसू शकत नाही. त्याला कळल्याशिवाय तर नाहीच.

म्हणून उद्या सकाळच्या एसटीने जाणार आहे. दुकानदाराला त्याने जे आकार भरले, त्यांची सगळी रक्कम बरोबर नेणार आहे. ती मला पाठ आहे, मीच मांडून दिली होती. पण पैसे आधी काढणार नाही. पैसे समोर असले की तो भिडेने ऐकेल. आधी सांगणार. फीचं सांगणार नाही, दुष्काळाचं सांगणार नाही, सचिवांचं नावही घेणार नाही. बस म्हणाला तरी उभी राहून सांगणार. मग तो मला अक्का म्हणेल की नाही, बैठकीत दुसऱ्या कुणाला बसवेल, सगळ्या कारखान्याला सांगेल — ते त्याचं.

वाक्य तयार आहे. भीमराव, त्या दिवशी तुझी पावती फाडताना मला माहीत होतं.