पांढऱ्या ग्लूचा स्केटबोर्ड

एसटी स्टँडबाहेर वळत होती. स्केटबोर्डच्या स्पर्धेला निघालेली सारिका खिडकीतून ओरडली, "काका, तिथला बाउल रोज पाण्यानं धुत्यात म्हणं! रोज!"

मी हात हलवला. तिच्या पाठीला बांधलेला स्केटबोर्ड मी बनवला होता. तो पाण्यात टिकणार नाही, हे फक्त मला माहीत होतं.

मी सहकारी साखर कारखान्यात पॅटर्नमेकर. लोखंडी भाग ओतण्याआधी त्याचा हुबेहूब लाकडी नमुना करणारा सुतार. दुष्काळात ऊस नाही, म्हणून गाळप नाही. कारखाना बंद राहिला आणि मी ओसरीत स्केटबोर्ड करू लागलो. शिरूर कासारजवळच्या आमच्या गावात उपसा सिंचन संस्थेची सिमेंटची टाकी आहे. उतरत्या भिंतींची, मोठ्या परातीसारखी. तीन वर्षं कोरडी. शाळेच्या पीटीच्या मॅडमनी तिथं मुलींना हा खेळ शिकवला. अशा परातीला खेळात बाउल म्हणतात.

सारिका त्यांची सगळ्यांत तयार खेळाडू. एकोणीस वर्षांची, आईबाप दर हंगामात कोल्हापूरकडं ऊसतोडीला. विकतचा बोर्ड तिच्या पावलांना रुंद पडायचा. म्हणून तिच्या मापाचा अरुंद बोर्ड मी केला. खालच्या बाजूला तिनं कोयता रंगवून घेतला.

बोर्ड म्हणजे एक फळी नसते. लाकडाचे सात पातळ पापुद्रे असतात. पाच उभ्या रेषांचे, दोन आडव्या. मध्ये ग्लू लावून साच्यात दाबायचे आणि पूर्ण दिवस हलवायचे नाहीत. ग्लू दोन तऱ्हेचा. एक डबल डब्याचा, दोन डब्यांतलं मिसळून लावायचा, पाण्याला दाद न देणारा. दुसरा साधा, पांढरा. सारिकाच्या बोर्डाच्या वेळी डबल डब्याचा संपला होता. नवा पुण्याहून यायला चार दिवस लागणार होते. मी म्हटलं, पिण्याचं पाणी टँकरनं येतंय, बोर्डाला कुठून पाणी लागणार? पांढरा लावला. कुणाला बोललो नाही.

आता ती त्याच बोर्डावर डोक्याएवढ्या उंचीवरून खाली सुटणार होती, ओल्या सिमेंटवर. पापुद्रे पायाखालीच सुटले तर?

सारिकाला फोन लावला. बंद. मॅडम दोन दिवस आधीच पुढं गेलेल्या, त्यांचाही लागेना.

"कावून असं तोंड केलंय?" बायकोनं विचारलं.

"काय न्हाई," मी म्हणालो. तिलाही सांगायची लाज वाटली.

दुसऱ्या दिवशी दुपारी सारिकाचाच फोन आला. आवाज रडवेला.

"काका, बोर्ड गेला."

"पडलीस का? लागलं का तुला?"

"न्हाई हो, घरनं निघाल्यापासनं पाय बी ठिवला न्हाई त्याच्यावर. वाटेत आईला भेटाया ऊसतोडीच्या टोळीवर आले. हितं पाटाला लई पाणी हाय. आईनं बोर्ड धुतला. राखेनं घासला अन् भिजाया पाटात ठिवला, वर दगड ठिवून. आता बाजूनं इस्कटलाय, वहीवानी. आई सकाळपासनं जेवली न्हाई."

पोरगी धड होती. तेवढं कळलं आणि जीव भांड्यात पडला. पण लगेच दुसरा विचार आला, तो सांगायला आजही जड जातं. दोष धुणाऱ्या आईवर गेला होता. मी काही बोललो नसतो तर कुणाला कधी कळलं नसतं.

"आईला दे," मी म्हणालो.

"दादा, चुकलं माजं," ती माउली आधीच सुरू झाली. "कोयता मातीनं भरला हुता. वाटलं, पाणी हाय तर लख्ख करून देऊ."

"ताई, चांगला बोर्ड पाण्यानं सुटत नसतो. मी हलका ग्लू लावला. माहीत असून लावला. तुम्ही धुतला नसता तर पोरगी त्याच्यावरनं पडली असती."

पलीकडून आईचा आवाज चढला.

"म्हंजी म्या सकाळपसून उगंच उपाशी ऱ्हायले?"

"व्हय, ताई."

"मग दुसरा आणा की! बोलत काय बसलाव?"

स्पर्धा परवा होती. योग्य ग्लूचा एकच बोर्ड घरात होता. माझा पहिला, ओबडधोबड, रुंद. सारिकाच्या मापाचं कागदी कटिंग त्यावर ठेवलं, करवतीनं कडा उतरवल्या, कानशीनं गोल केल्या, चाकांची भोकं पाडली. कोयता घाईत रंगवला, तो विळ्यासारखा झाला. दुसऱ्या दिवशी सकाळी पहिली एसटी धरली.

टोळीवर पोचलो तेव्हा सारिकानं बोर्ड उलटा करून पाहिला. "काका, हा कोयता काय ऊस तोडायचा न्हाई." मग आईकडं वळून म्हणाली, "आये, ह्यो बी भिजवून बघ."

आईनं खरंच भिजवला, तासभर. काही झालं नाही. मगच तिनं मला भाकरी वाढली.

सारिका स्पर्धेत पाचवी आली. दोनदा पडली, दोन्ही वेळा स्वतःच्या चुकीनं. मॅडमनाही मी सगळं सांगितलं. त्या दोन दिवस बोलल्या नाहीत. नंतर आणखी तीन बोर्डांची मापं पाठवली.

आता प्रत्येक बोर्डाच्या कापलेल्या कडेचा तुकडा मी तांब्यात एक दिवस बुडवतो. सुटला नाही तरच बोर्ड घराबाहेर जातो. टँकरचं पाणी वाया घालवतो म्हणून बायको बोलते. तेवढा तांब्या मी माझ्या आंघोळीतून कमी करतो.