शशीताई, माधवराव आणि वर्कहाऊसची वर्गवारी

शशीताई गेल्या तेव्हा त्यांचे यजमान माधवराव दुसऱ्या गावातल्या केअर होममध्ये टोस्ट खात होते.

फोन मला आला. त्यांना सांगायला मी गेलो.

हे असं का झालं, ते नीट समजावून सांगितलं पाहिजे. मी आयुष्यभर इतिहास शिकवला, त्यामुळे थोडं मागून सुरू करतो.

इंग्लंडमधल्या आमच्या काउंटीतलं, म्हणजे जिल्ह्यातलं, जुनं वर्कहाऊस गावाबाहेर, शेतांच्या मधोमध उभं आहे. वर्कहाऊस म्हणजे गरिबांना अन्न आणि छप्पर देणारी, पण त्याबदल्यात त्यांच्याकडून काम आणि अब्रू दोन्ही घेणारी संस्था.

तिचा पाया होता वर्गवारी. दारातच माणसांची विभागणी व्हायची. पुरुष एका अंगणात, बायका दुसऱ्या, मुलं तिसऱ्या. मध्ये उंच भिंती.

नवराबायको एकाच दारातून आत येत आणि तिथेच एकमेकांना अंतरत.

आणखी एक विलक्षण गोष्ट. साठीपुढच्या जोडप्यांना एकत्र खोली देता यावी, असा नियम पुढे आला. तो कागदावर होता. बहुतेक ठिकाणी तशी खोलीच नव्हती.

मग काळ बदलला, वर्कहाऊस बंद झालं, आणि त्याच इमारतीत म्हाताऱ्यांचं हॉस्पिटल आलं. गोऱ्या डॉक्टरांना असल्या आडगावी, असल्या वॉर्डात यायचं नसे. मग आपले लोक आले. पुण्याहून शशीताई आल्या, त्या निवृत्तीपर्यंत तिथेच राहिल्या.

नेल नावाच्या म्हातारीची गोष्ट त्या नेहमी सांगत. ॲम्ब्युलन्स फाटकाशी थांबली, आणि नेलने दाराची कड घट्ट धरली.

"मी उतरणार नाही. हे वर्कहाऊस आहे."

"आता हे हॉस्पिटल आहे," ताई म्हणाल्या.

"पाटी बदललीत, डॉक्टर. भिंत तीच आहे. माझी आई इकडे होती आणि बाप तिकडे."

नेलचा नवरा आर्थर आधीपासून मेल वॉर्डात होता. नेलला फीमेल वॉर्ड मिळाला. मधे तीच भिंत.

ताईंनी रोज दुपारी नेलची व्हीलचेअर आर्थरच्या कॉटशी न्यायला सुरुवात केली. सिस्टर चिडल्या.

"डॉक्टर, हा मेल वॉर्ड आहे!"

"आणि ही त्याची बायको आहे, सिस्टर. त्यातलं काय कळलं नाही?"

हे मी त्यांच्या घरी चहा घेता घेता उत्साहाने ऐकायचो, मग भिंतींच्या उंचीवर, जेवणघरातल्या बाकांवर बोलत सुटायचो. तेव्हा ताई म्हणायच्या, "मास्तर, लेक्चर आवरा. चहावर साय धरली." माधवराव तेवढ्यात माझ्या वाटणीचं बिस्किट संपवून मोकळे झालेले असत.

गेल्या हिवाळ्यात ताईंना स्ट्रोक झाला. माधवरावांना पार्किन्सन्स होताच. मूलबाळ नाही. घरी दोघांचं होईना.

स्थानिक कौन्सिलची असेसमेंट, म्हणजे गरजांची तपासणी, झाली. ताईंची गरज ठरली 'नर्सिंग', कारण त्यांना सतत नर्स लागणार होती. माधवरावांची ठरली 'रेसिडेन्शिअल', म्हणजे नुसती देखभाल. ताईंच्या होममध्ये फक्त नर्सिंगवाले घेत. माधवरावांच्या होममध्ये नर्सच नव्हती.

मी सोशल वर्कर बाईंना वर्कहाऊसची वर्गवारी अथपासून इतिपर्यंत समजावून सांगितली. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. बाई वाईट नव्हत्या.

"जोडप्याला एकत्र ठेवावं अशी पॉलिसी आहेच," त्या म्हणाल्या. "पण बेड नाही."

मी तक्रार केली, अपील केलं, कौन्सिलरला भेटलो. प्रत्येकाने सहानुभूती दाखवली.

दर गुरुवारी मी माधवरावांना गाडीत घालून ताईंकडे नेई. पुढे त्यांना गाडीत बसणंही जमेना.

"मास्तर, मलाही एक स्ट्रोक द्या म्हणावं," ते म्हणाले. "म्हणजे कॅटेगरी जुळेल."

आम्ही दोघंही हसलो. दुसरं काय करणार होतो?

ताई उन्हाळाभर बोलल्या नाहीत. शेवटच्या भेटीत त्यांनी माझ्या मागे दाराकडे पाहिलं. माझ्यामागे कुणीच नव्हतं. त्यांनी मान भिंतीकडे वळवली.

आज दुपारी ताईंचा अंत्यविधी झाला. माधवरावांना न्यायला खास गाडी आणि सांभाळायला दोन केअरर लागणार होते. गाडी मिळाली. केअरर मिळाले नाहीत.

क्रेमेटोरियममध्ये सगळे होते, त्यामुळे मी माधवरावांपाशी बसलो. होममधल्या केअररने अंत्यविधी दिसावा म्हणून टॅबलेट उशीला टेकवून दिला. मंत्र ऐकू येत होते, माणसं पाठमोरी दिसत होती. शवपेटीपुढे पडदा सरकला तेव्हा माधवरावांनी हात जोडायचा प्रयत्न केला. हात एका जागी येईनात. मी ते माझ्या हातात धरून जोडले.

स्क्रीन काळी झाली.

"खूप लोक होते का हो, मास्तर?"

"खूप. ताईंच्या जुन्या वॉर्डातल्या नर्सेससुद्धा."

त्यांनी काळ्या स्क्रीनकडे पाहिलं.

"म्हणजे मी सोडून सगळे."

यावर समजावून सांगण्यासारखं माझ्याकडे काही नव्हतं. अजूनही नाही.

शशीताई, तुम्हाला भावपूर्ण श्रद्धांजली. माझी, आणि ज्यांना तुमच्यापर्यंत येता आलं नाही त्या माधवरावांची.