दिवेलागणीचं मुसळ

दिवस कलला की मला दिसेनासं व्हायचं. भरलेली घागर पायाखाली येऊन कितीदा तरी आडवी झाली. गावात म्हणायचे, पोरीला पोटभर खाऊ घालत नाहीत, म्हणून रातांधळी झाली. खापर फुटायचं आईच्या डोक्यावर. बाबाही चारचौघांत म्हणायचे, "इले एक पोरगी पोसता येत नाई." आई मुकाट्यानं मला शेवग्याचा पाला खाऊ घालायची. तो खाताना मलाच शरम वाटायची. आईवरचा आरोप आपण कबूल करतोय असं वाटायचं.

तिचा एक हट्ट मात्र सगळ्यांना खटकायचा. दिवेलागणीला मुसळ वाजवू नये, लक्ष्मी दारातून परतते, असं आमच्याकडे मानतात. ही नेमकी तेव्हाच अंगणात धान कांडायची. बाबा त्याच सुमारास शेताच्या धुऱ्यावरून घरी यायचे आणि अंगणात पाय ठेवताच तिला शिव्या घालायचे.

शेवटी आम्ही चांद्याला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे गेलो. तक्त्यावरची अक्षरं मी शेवटच्या ओळीपर्यंत धडाधड वाचली. "पाहा, ढोंग करून राह्यली," बाबा म्हणाले. डॉक्टरांनी माझा एक डोळा झाकला, त्यांच्या नाकाकडे बघायला सांगितलं आणि बाजूनं बोटं हलवत आणली. बोटं पार नाकाजवळ आली तेव्हा कुठे मला दिसली.

"हे खाण्यापिण्याचं नाही, रक्तातून येतं," डॉक्टर म्हणाले. "घरात आणखी कुणाला?"

"कोणालेच नाई," बाबा म्हणाले.

"मग तुम्हीच बसा."

बाबा स्टुलावर बसले, तसंच नाकाकडे बघत. डॉक्टरांची बोटं कानाकडून निघाली, गालाशी येऊन हलत राहिली. बाबा वाट बघत होते. जरा वेळानं म्हणाले, "आणा नं बोटं, डॉक्टरसाहेब."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आईनं तोंड फिरवलं.

बाहेर आल्यावर बाबा दवाखान्याच्या पायरीवर बसले. "मले ठाव होतं," ते खाली मान घालून म्हणाले. "लाजेपायी बोललो नाई. बोल तुले लावत आलो."

"मलेही ठाव होतं," आई म्हणाली. "नाई तं दिवेलागणीले मुसळ काऊन हाणलं असतं? त्याच आवाजावर तं घरी येत होते तुमी."

मी बाबांजवळ बसले नाही, आईशेजारी जाऊन उभी राहिले.