काळ्या कोपऱ्यातली बाई

आमच्या घरात देव वाळत घालायचे. अंगणात वर दोरीवर कपडे आणि खाली ओळीनं गणपती. कोणाला हात नाही, कोणाची सोंड अजून ओली. कावळ्यानं चोच मारू नये म्हणून मी काठी घेऊन बसायची. ज्या बाईनं स्वतःच्या हातानं देवाच्या पोटात तणस, भाताचा पेंढा, भरली, तिला भुताखेतांचं काय वाटणार? शेजारी कोणाच्या अंगात आलं की सगळ्या बाया धावत जायच्या, मी तव्यावरची पोळीसुद्धा उतरवत नसे. माझा अशा गोष्टींवर विश्वास नव्हता. खरं सांगायचं तर आताही फारसा नाही.

पण एक गोष्ट माझ्याच हातून घडली, आणि तिचं काय करावं ते मला अजून कळलेलं नाही. नात मासिकातले असे अनुभव मला वाचून दाखवते. परवा म्हणाली, "आजी, तुझं पण लिही न वं." माझी शाळा चौथीपर्यंत. चार माणसांत तोंड उघडायला मला अजून जमत नाही, म्हणून लिहिते आहे. पाठवायचं की नाही ते मग पाहू.

नागपूरला महाल भागात चितारओळ आहे. रस्त्याच्या दोन्ही बाजूंनी मूर्ती करणाऱ्यांची घरं. साठ सालानंतर मी तिथं लग्न होऊन आले. माहेरही रंगाचंच, भंडाऱ्याकडचं. पोरांच्या तान्ह्या पोळ्याचे लाकडी नंदी रंगवायला बाबा मला बसवायचे. झूल, शिंगं, गळ्यातल्या घागरमाळा — सगळं मी करायची. सासरी रीत वेगळी होती. बाईनं माती मळायची, रंग वाटायचा, रंगाखालचं पांढरं अस्तर द्यायचं. ब्रश पुरुषांचा. आणि डोळे फक्त मामाजींचे, म्हणजे माझ्या सासऱ्यांचे. मूर्ती सगळी झाली, दागिने झाले, की शेवटी आंघोळ करून मामाजी बसायचे आणि तिचे डोळे रंगवायचे. त्याला आम्ही डोळे उघडणं म्हणतो. तोवर ती माती.

मला ब्रश हवा होता. दुसरं काही नको होतं. पण हे मी कोणाला बोलले नाही, नवऱ्यालाही नाही. ते दुकानांच्या पाट्या रंगवायला दिवसभर बाहेर असायचे, संध्याकाळी त्यांच्या बोटांचा रंग मी रॉकेलनं काढायची आणि ब्रशही मीच धुवायची. धुता धुता दगडावर दोन फराटे ओढून घ्यायची… तेवढंच.

एका उन्हाळ्यात मोठ्या सिस्टर आमच्याकडे आल्या. त्या स्वीडन नावाच्या देशाच्या. नागपुरातच सदर भागाकडं मिशनचा दवाखाना होता, तिथं बाळंतपणं करायच्या. माझा मुलगा त्यांच्याच हातावर झाला. मराठी इतकं शुद्ध बोलायच्या की आम्हालाच लाज वाटावी. त्यांनी पिशवीतून एक फोटो काढला, काळा-पांढरा.

"हे माझ्या गावच्या चर्चमधले चित्र आहे," त्या म्हणाल्या. "येशूचा जन्म. लहानपणी दर रविवारी मी याच्यासमोर बसत असे. आता मी निवृत्त होऊन परत जाणार. त्याआधी दवाखान्याच्या प्रार्थनेच्या खोलीत हे चित्र मोठे करून, रंगात लावायचे आहे. तुम्ही काढाल का?"

मामाजींनी फोटो उजेडात धरला. "कोणं काढलं हे?"

सिस्टरनी सांगितलं ते मला आठवतं तसं लिहिते. तीनशे वर्षांपूर्वी त्यांच्या देशात राजाचा एक चित्रकार होता. परमुलखातून आलेला. राजानं त्याला खर्च देऊन शिकायला पाठवलं, मोठी पदवी दिली. त्यानं राजवाड्यांची छतं रंगवली, ढगांत बसलेल्या देव्या, मधोमध राणी. चर्चमधून भिंतीएवढी चित्रं काढली.

"छतावर?" मामाजी म्हणाले. "मंग मान नाई धरली त्याची?"

"धरली असेल," सिस्टर गंभीरपणे म्हणाल्या. "राजाचे घोडेही तो काढत असे. घोडे, कुत्रे, सगळे."

"घोडे रंगवत होता? मंग तर आपला इवाई, सोयराच झाला तो! आमी नंदी रंगवतो."

"आणि हा देवदूत पाहा. याला त्याने राणीचा चेहरा दिला, असे म्हणतात."

"म्हणजे तिथंबी तसंच. मागच्या साली एक शेठजी आले, म्हणे गणपतीचे गाल माह्यासारखे करा. म्या म्हटलं, शेठजी, पोट तर आधीच तुमच्यासारखं हाय."

सिस्टरना ते समजायला थोडा वेळ लागला. मग त्या रुमाल तोंडाला लावून हसल्या. हसणं थांबल्यावर त्यांनी सांगितलं, की त्या चित्रकाराच्या हाताखाली बरीच माणसं असत. कपडे, ढग, जनावरं ते रंगवायचे. चेहरे मात्र तो स्वतः, अगदी शेवटी. मामाजींनी फोटो पुन्हा उजेडात धरला. मग म्हणाले, "बराबर हाय. तसंच पायजे."

फोटोत उजव्या हाताचा खालचा कोपरा काळा होता. नुसता काळा. मामाजींनी विचारलं तेव्हा सिस्टर म्हणाल्या, "मेणबत्त्यांचा धूर. माझ्या आईच्या लहानपणीही काळाच होता. तसाच ठेवा."

चित्राला महिनाभर तरी लागला असेल. दवाखाना सुटला की सिस्टर येऊन रंग सांगायच्या, सगळे आठवणीतून. मरियेच्या शालीचा निळा सांगताना म्हणाल्या, "हिवाळ्यात दुपारी अंधार पडायच्या आधी आकाश असते तसा." सासूबाई हळूच मला म्हणाल्या, "दुपारी कोणता अंधार पडते वं? बाईले ऊन लागलं." मी निळा वाटत राहिले. एकदा फिका झाला, एकदा जांभळ्यावर गेला. शेवटी एक दिवस सिस्टरनी वाटीत पाहिलं आणि डोळे पुसले.

मे महिना होता. सगळे चेहरे झाले, डोळे झाले, फक्त तो कोपरा राहिला होता. दुपारी जेवण झाल्यावर मामाजींनी मला हाक मारली. "सूनबाई, माही पाठ दुखून राहिली. तो कोपरा काळा भरून टाक. काळं भरायले काय अक्कल लागते?" आणि त्यांनी ब्रश माझ्या हातात दिला.

सगळे आडवे झाले. दारावर वाळ्याची ताटी होती, तिच्यावर मी पाणी मारलं आणि चित्रासमोर बसले. काजळी जवसाच्या तेलात कालवलेली होती. मी पहिला हात मारला… आणि मला वास आला. ओल्या घोंगडीचा, आणि विझलेल्या वातीचा. वाळ्याचा नव्हे, वाळा मला माहीत आहे. मागं वळून पाहिलं, कोणी नव्हतं. मी परत कामाला लागले.

मला झोप लागली नव्हती, चक्करही आली नव्हती. हात चालत होता आणि मी पाहत होते. बाई काढताना मला कळत होतं की मी बाई काढते आहे. काहून काढते आहे, तेवढंच कळत नव्हतं. बाजूच्या वाटीतला निळा कधी घेतला तेही आठवतं. भाकरी थापताना पुढचा हात कुठं पडणार याचा आपण विचार करतो का? तसं.

"काहून वं, हे काय करून ठेवलं?"

सासूबाई मागं उभ्या होत्या. काळ्या कोपऱ्यात एक बाई गुडघ्यावर बसून दगडावर रंग वाटत होती. कोपरापर्यंत निळे हात. मान जरा वळलेली, कोणी हाक मारल्यासारखी.

"अन् डाव्या हातानं वाटून राहिली? अन् पायात खडाव एकच! दुसरी कुठं टाकून आली?" असं म्हणत त्यांनी ब्रश काढून घ्यायला माझं मनगट धरलं आणि लगेच सोडलं. "अवं माय… हात बर्फ हाय तुहा."

अंगणात पाय ठेववत नव्हता एवढं ऊन होतं. माझी बोटं वाकत नव्हती. सासूबाईंनी ती पदरात धरून चोळली.

बाईचा चेहरा झाला होता, डोळे नव्हते. डोळे मी कशी काढणार? ते माझे नव्हते.

मामाजी उठले. चित्रासमोर येऊन उभे राहिले. "काळं सांगितलं होतं."

"हो मामाजी."

"मंग?"

मी रंगाच्या वाट्या उचलायला लागले. संध्याकाळी सिस्टर आल्या, त्यांनीही पाहिलं. रागावल्या नाहीत, त्यानं जास्तच वाईट वाटलं. "ही चांगली आहे," त्या म्हणाल्या. "पण ही तिथे नाही. मला माझे चित्र हवे आहे, जसे आठवते तसे." मामाजींनी मान हलवली. दुसऱ्या दिवशी मी स्वयंपाक करत असताना त्यांनी कोपरा काळा केला. चित्र दवाखान्यात गेलं, सिस्टर त्यांच्या देशाला गेल्या, आणि ब्रश वरच्या फळीवर गेले, जिथं माझा हात पोचत नव्हता. पुढं कितीतरी वर्षं मी रंग वाटले. फक्त वाटले. कोणी त्या गोष्टीचं नाव काढलं नाही.

मुलगा कॉलेजात जायला लागला होता तेव्हा, हिवाळ्यात, दारात रिक्षा थांबली. सिस्टर. हातात काठी, केस पांढरे झालेले. दवाखाना पाहायला म्हणून आल्या होत्या. चहासुद्धा घेतला नाही. बसल्या आणि एक मोठा रंगीत फोटो माझ्या मांडीवर ठेवला. मामाजींच्या नाही, माझ्या.

"आमच्या चर्चमधले चित्र स्वच्छ केले," त्या म्हणाल्या. "तो सगळा धूर नव्हता. कोणीतरी त्या कोपऱ्यावर काळा रंग दिला होता. फार जुना."

कोपऱ्यात बाई होती. गुडघ्यावर बसलेली, दगडावर रंग वाटणारी. डावा हात. एका पायात लाकडी जोडा, दुसरा पाय उघडा. कपडे त्यांच्या देशाचे, पण मान तीच. आणि डोळ्यांच्या जागी नुसतं अस्तर.

"जाणकार म्हणतात, चित्रकाराने हिचा चेहरा पूर्ण केलाच नाही. ही कोण, येशूच्या जन्माच्या चित्रात का बसली, कोणालाच माहीत नाही." सिस्टरनी माझ्याकडं पाहिलं. "तुम्हाला आधी कोणी दाखवले होते का? खरे सांगा."

मी नाही म्हणून मान हलवली. सासूबाईच म्हणाल्या, "माही सून खोटं नाई बोलत, सिस्टर. खोटं काय, खरंबी बोलत नाई."

मामाजींच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू होता. फोटो नाकाला लागेल एवढा जवळ धरून त्यांनी पाहिला. मग म्हणाले, "रिक्षा हाय न बाहेर? चला."

प्रार्थनेच्या खोलीत चित्र तसंच होतं. मामाजींनी पाणी मागितलं, सुती फडकं मागितलं, आणि काळ्या कोपऱ्यावर ओलं फडकं फिरवायला सुरुवात केली. काळा रंग पाण्यासारखा ओघळला. खालून आधी निळा हात आला, मग खडाव, मग मान.

तेलातला काळा असा निघत नाही. सरसाच्या खळीत कालवलेला पाण्यानं निघतो, मूर्तीवर देतात तो. मी विचारलं, "मामाजी, सरसाचा दिला होता?"

"तेल सरलं होतं," ते म्हणाले.

त्यांनी कोपरा काळा केला त्या दिवशी सकाळी तेलाची बरणी मीच भरली होती. मी फडकं पिळून त्यांच्या हातात दिलं.

मग त्यांनी बंडीच्या खिशातून ब्रश काढला. डोळ्यांचा, बारीक, जो ते कोणाला हात लावू देत नसत. निघताना कधी घेतला होता, मी पाहिलं नव्हतं. "उघड."

"मामाजी, डोळे तर तुमीच…"

"मले दिसते का आता? उघड वं. किती दिवस बसवून ठेवता तिले?"

मी उघडले. ज्याच्या हाकेला तिनं मान वळवली होती, त्याच्याकडं तिला पाहू दिलं. या वेळी माझा हात गार पडला नाही. मामाजी बाजूला उभे राहून माझ्या बोटांकडं कान लावल्यासारखे ऐकत होते. सिस्टर बाकावर बसून होत्या.

पुढच्या गणपतीपासून आमच्या घरच्या मूर्तींचे डोळे मी उघडते आहे.

मुलगा म्हणतो, जुन्या फोटोत काहीतरी पुसट दिसत असणार, तू नकळत पाहिलं असशील. आमच्याकडंच राहिलेला तो फोटो त्यानं भिंग लावून तपासला. काळ्यात काळंच आहे. नात म्हणते, तू स्वतःलाच काढलंस, तूही रंग वाटायचीस. असेल. पण मी उजव्या हातानं वाटते, आणि लाकडी खडावा मी जन्मात घातल्या नाहीत.

सिस्टर वारल्याचं मागं दवाखान्यातून कळलं. तिकडं त्या बाईचे डोळे अजून कोरेच असतील. विचारायला आता कोणी नाही. दरवर्षी मूर्तीसमोर बसले की ब्रश उचलायच्या आधी मी बोटं गालाला लावून पाहते. गार नसतात. एकदा तरी त्या दुपारसारखी गार पडावीत, ती आल्याचं कळावं असं वाटतं… तुझे डोळे इकडं उघडले गं, एवढंच तिला सांगायचं राहिलं आहे.