आमच्याकडचा हर्षवायू

आमच्या घरात आनंद होण्यावर बंदी नव्हती, तो दिसण्यावर होती.

हर्षवायू म्हणजे अति आनंदाने माणसाचं डोकं फिरणं. अण्णा, म्हणजे माझे वडील, एकलहऱ्याच्या वीज केंद्रात होते आणि हा शब्द फक्त झापायला वापरत. मी दहावी पास झालो तेव्हा जरा उडी मारली, तर म्हणाले, "हर्षवायू झालाय का? दृष्ट लागेल." (पुढे बारावीत नापास झालो. दोष उडीला गेला.)

ताईच्या लग्नासाठी स्थळांचे नकार ऐकून ऐकून आम्ही सगळेच खचलो होतो. अशात एका दुपारी येवल्याच्या स्थळाचे तात्या, म्हणजे मुलाचे वडील, क्वार्टरकडे येताना दिसले. स्वतः आले म्हणजे होकारच असणार.

"कुणी दात काढायचे नाहीत," अण्णा दबक्या आवाजात म्हणाले. "जमता जमता मोडेल."

आम्ही बसलो. आईने हसू दाबायला तोंडाला पदर लावला. स्वयंपाकघरात ताई आनंदाने मुसमुसत होती. मी जमिनीकडे बघत होतो.

तात्या दारातच थबकले. मग हळूच टेकले. "सगळं ठीक ना?"

"चाललंय," अण्णा म्हणाले. "देवाची मर्जी."

चहा आला, तात्यांनी कपाला हात लावला नाही. थोडा वेळ मान खाली घालून बसले, उठले आणि काही न बोलता निघून गेले.

"अहो," आईचा चेहरा पांढरा पडला, "ते 'येतो' म्हणाले नाहीत."

मयताच्या घरून निघताना 'येतो' म्हणत नाहीत. आमच्याकडे कुणीतरी गेलंय, अशी त्यांची समजूत झाली होती.

"आता अपशकुन म्हणून मोडतील हो," आई म्हणाली. आत ताई मोठ्याने रडायला लागली. अण्णांनी मला बाहेर पिटाळलं.

तात्या बसस्टॉपवर सापडले. धावून मला दम लागलेला, त्यात रडू फुटलेलं.

त्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला. "कोण गेलं रे, बाळा?"

"कुणी नाही, तात्या. आनंद झालाय."

"कुणाला?"

"आम्हाला. तुम्ही आलात म्हणून. हर्षवायूच झालाय म्हणा ना."

तात्यांनी मला खालून वरपर्यंत पाहिलं. "हा हर्षवायू? मग दुःखात कसे दिसता तुम्ही?"

"असेच."

बस आली आणि गेली. "चल," ते म्हणाले, "चहा राहिलाय माझा."

लग्न झालं. पाठवणीच्या वेळी मात्र आमचा बांध फुटला. अण्णा भिंतीकडे तोंड करून रडत होते. ताई जाणार, घर रिकामं होणार, हे मला तेव्हा कुठे कळलं, आणि मी मांडवाच्या खांबाला धरून हंबरडा फोडला. येवल्याची पाहुणेमंडळी कळवळून पुढे सरसावली.

तात्यांनी हात आडवा करून त्यांना थांबवलं. "राहू द्या," ते कौतुकाने म्हणाले, "हर्षवायू झालाय त्यांना."

एकही माणूस सांत्वनाला आला नाही. मी तरी बोलणार काय? त्या शब्दाचा हा अर्थ तात्यांना मीच शिकवला होता.